रेडिएटरमधली उष्टी हळद

खोडद, मे १९९७

तीर्थस्वरूप धर्माजीदाजींना सोपानचा शिरसाष्टांग नमस्कार. गुडघा काय म्हणतो? अक्का इथे खुशाल आहे आणि माझ्या आदेशच्या लग्नात सगळ्यांना कामाला लावते आहे (स्वतः सोडून).

तुमच्याकडून घेतलेली मोटार आठवडाभर पाणी पीत होती. खाली थेंब नाही, मागून मात्र पांढरा धूर. इंजिनाला कधी पान्हा लागलेला नाही, असं तुम्ही शपथेवर सांगितलेलं, म्हणून मी सगळा दोष रेडिएटरला दिला. आज सकाळी नवरदेवाची उष्टी हळद घेऊन बायका कळंबवरून पुढे पेठला, नवरीकडे निघणार, तेवढ्यात पुन्हा पाणी गायब. झिरपत्या रेडिएटरला हळद हा जुना इलाज. मी घरात हाक मारली, हळद आणा. ठमाचुलतीने वाटी आणली, मी ओतली, झाकण लावलं, गाडी चालू केली. मग बायका उष्ट्या हळदीची वाटी शोधू लागल्या.

दाजी, नवरीची हळद मी मोटारीला लावली होती. चुलती शांतपणे म्हणाली, "तूच म्हनला हळद आन. मला म्होरं तीच दिसली."

पुढचं ऐका. शेजारच्या भिमाजीने (पूर्वी टेम्पोवर होता) ऑइलची पट्टी ओढली, तर तिच्यावर पिवळा फेस. पाण्यातली हळद ऑइलमध्ये. तो म्हणाला, "भाऊ, रेडिएटर न्हाई, हेड गॅस्केट गेलंय, पानी आन ऑइल येगळं ठिवनारा इंजिनातला पत्रा. आन हे आजचं न्हाई."

आदेशला पुन्हा पाटावर बसवून नवी हळद लावली. पण ती पोचेपर्यंत तिकडे नवरीला हळद लागायची नाही, आणि तिची आजी जानकाबाई शिंकेतही अपशकुन शोधते. लग्न उद्यावर आलं आहे.

आपला,
सोपान

ता. क. पत्र घेऊन भिमाजी मोटरसायकलवर येतो आहे. तिच्यावर पाच सवाष्णी बसत नाहीत. तुमची जीप लगेच पाठवा.

आणखी एक ता. क. इंजिन गार झाल्यावर रेडिएटर रिकामा केला. आत काळं पडलेलं हळकुंड अडकलं होतं, कंकणाच्या दोऱ्यासकट. आदेशचं कंकण त्याच्या मनगटावर आहे. तुमच्या लेकीच्या, अश्विनीच्या लग्नात, मोटार तुमच्याकडे असताना, तुमच्या हातचं कंकण हरवलं, त्यावरून अक्का अजून तुम्हाला बोलते. हळकुंड माझ्या खिशात आहे. अक्का शेजारीच बसली आहे. जीपची वाट पाहतो.