टेपचा पहिला इंच

३ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

"आकडा नंतर सांग, आधी टेप कुठून धरलीस ते सांग." शिवणयंत्रावरून मान वर न करता बाबा म्हणायचे. त्यांच्या टेपचा पहिला इंच फाटलेला होता. तो वजा करायला तू विसरलास आणि दहावीचं अख्खं वर्ष लांब बाह्या दुमडत काढलंस.

आज बेटावर पाणपक्ष्यांची घरटी मोजताना ते आठवलं. एकशे बारा आहेत. तुम्ही तिकडे वरच्या देशात धरणाची दारं उघडाल, तेव्हा इथे पाणी कुठवर चढलेलं चालेल, तो आकडा नदीतली मोजपट्टी वाचणाऱ्या काकांच्या नोंदीवरून काढून तक्त्यात भरून पाठवलाय. तुमच्या पट्टीचं शून्य आमच्यापेक्षा चाळीस सेंटीमीटर खाली. दर वेळी तू ते चाळीस मिळवत बसतोस. तुझं काम वाचावं म्हणून या खेपेला मीच मिळवून टाकलेत. तेवढा वेळ इंजिनियरसाहेबांनी झोप काढावी.

आईचा गुडघा बरा आहे. तुझ्या नावाने बडबड चालू असते, म्हणजे तब्येत ठीक.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी धाकटी

२ मे

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझ्या पत्रातली आईची ओळ तेवढी वाचली आणि बाकीचं सवडीने वाचू म्हणून घडी घालून ठेवलं. तक्ता आला, नेहमीसारखे चाळीस मिळवले, दारं उघडली. बेट बुडाल्याचं कळल्यावर पत्र पुन्हा काढलं, तेव्हा दिसलं, चाळीस तू आधीच मिळवले होतेस.

दोन्ही देशांच्या समितीने ठरवलंय, तुमच्या मोजपट्टीवाल्या काकांनी पाण्याची उंची चुकीची वाचून कळवली. त्यांना काढणार. मी गप्प बसलो. बहीणभाऊ घरच्या पत्रांतून नदी चालवतात असं बाहेर आलं, तर दोन्ही सरकारं हे काम गुंडाळतील. आपली सहा वर्षं वाया. काकांची नोकरीची तशीही दोनच उरलीत. विषय वाढवू नकोस.

रागावलीस तरी लिहीत जा.
दादा

९ मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

काकांकडे जाऊन आले. त्या दिवशी ते छातीभर पाण्यात शिरले होते. टोपीतून अकरा अंडी आणली, चिंध्यांत गुंडाळून दिव्याखाली ठेवली. सगळी गार पडली. मलाच विचारत होते, बाई, पट्टी मला चुकीची दिसली का हो? चष्म्याचा नंबरही तपासून आलेत.

समितीला मी सगळं सांगितलं. ते म्हणतात, म्हाताऱ्याला वाचवायला मॅडम स्वतःवर ओढून घेतायत, तक्त्यात तर नुसता आकडा आहे. पुरावा एकच, माझं तीन एप्रिलचं पत्र, आणि ते तुझ्याकडे आहे.

काम बंद पडेलही. पुढच्या वर्षी पक्षी परत आले तर त्यांच्यासाठी पाणी कोण सांभाळेल, मला ठाऊक नाही.

तरी ते पत्र समितीला पाठव. तू नाहीच म्हणणार. तुझी मान हललेली मला इथून दिसते. आईच्या गुडघ्याची ओळ हवी तर खोडून टाक. चाळीसची तेवढी राहू दे.

तुझी धाकटी