पिझ्झाकाकांची जिरवताना

५ जानेवारी, शनिवार. संध्याकाळी ७:२०

ठरलं. साडूंची जिरवायची.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मन विरघळणार नाही. माझं मन फार लवकर विरघळतं. हिची ताई आणि साडू आज आमच्या दोन्ही मुलांना मॉलमधल्या गेम झोनला घेऊन गेले होते. परत आणून सोडली तेव्हा धाकट्याच्या (वय चार) गालाला चीज, मोठीच्या (वय आठ) हातात लाल दिवे लागणारी तलवार. साडू दारातच उभे. म्हणाले, "अहो, तुम्ही पडलात काटकसरी. मुलांची हौस आम्ही भागवत जाऊ. तुम्ही नका टेन्शन घेऊ."

मी हसलो. ते हसणं त्यांना महागात पडणार आहे.

जेवताना धाकट्याने विचारलं, पिझ्झाकाका आपल्याकडे राहायला कधी येणार? म्हणजे काल नुसते काका होते, आज पदवीसुद्धा मिळाली.

६ जानेवारी, रविवार. सकाळी ९

बेत असा. वीस तारखेला साडूंना सहकुटुंब बोलवायचं. खाणं घरचं, खेळ घरचा, विकतचं काही म्हणजे काही नाही. त्यांचा मुलगा (वय सहा, चेहरा कायम कंटाळलेला) घरी जाताना जमिनीवर लोळून रडला पाहिजे. मग साडू विचारतील, "हे तुम्हाला जमतं कसं?" मी शांतपणे म्हणेन, "वेळ द्यावा लागतो." बस्स. तीन शब्द. नाकावर टिच्चून.

हिला सांगितलं. ही म्हणाली, त्यापेक्षा आज दोघांना बागेत तरी न्या.

आज शक्य नाही. आज प्लॅनिंग.

८ जानेवारी, मंगळवार

घरच्या पिझ्झाची ट्रायल. ओव्हन लागतो हा लोकांचा गैरसमज आहे. जाड बुडाचा तवा, वर झाकण, मंद आच.

खालून कोळसा, वरून कणीक. मधला भाग चांगला झाला असावा, पण तिथपर्यंत कोणी पोचलं नाही. मुलांनी वरचे टोमॅटो वेचून खाल्ले. धाकट्याने उरलेल्याचं स्टिअरिंग केलं आणि मोठीला मागे बसवून सोफाभर गाडी चालवली. दोघं खिदळत होती. मी स्टिअरिंग काढून घेतलं. अन्नाशी खेळू नये.

दोष गॅसच्या प्रेशरचा.

१० जानेवारी, गुरुवार. दुपारी २, कारखान्यात

आमच्या इथे पुठ्ठ्याची खोकी बनतात आणि मी क्वालिटी तपासतो. आज वॉशिंग मशीनच्या मापाची अकरा खोकी रिजेक्ट केली. छपाई तिरकी. किती तिरकी, ते ज्याच्या त्याच्या नजरेवर आहे. मी आज जरा कडक होतो.

घरी न्यायला स्टोअरकीपरची सही घेतली. त्याने विचारलं, घर बदलताय का साहेब? म्हटलं, नाही, एकाला धडा शिकवायचाय. त्याने खोकी स्वतः रिक्षात चढवून दिली, जरा घाईघाईने.

१३ जानेवारी, रविवार

बोगदा तयार! हॉलच्या खिडकीपासून थेट स्वयंपाकघरापर्यंत. चपलांच्या कपाटापाशी काटकोनात वळण. आधी ग्राफ पेपरवर काढला होता. चिकटपट्टी कारखान्यातली, दोन थर. साडूंच्या गेम झोनला असलं वळण नाही.

मुलं बघून नाचायलाच लागली. आत जायला निघाली तेवढ्यात मी अडवलं. वीस तारखेपर्यंत कोणीही आत जायचं नाही. माल पाहुण्यांसमोर फ्रेश दिसला पाहिजे. तोंडाशी दोरी बांधली, 'प्रवेश बंद'ची पाटी लावली. धाकटा रडला. त्याला समजावलं की मजा साठवून ठेवली की वाढते. त्याला पटलं असावं, कारण तो जास्त जोरात रडला.

मोठीने विचारलं, "बाबा, हा आपल्यासाठी आहे की काकांसाठी?"

हुशार आहे. माझ्यावर गेली आहे. पाटी जरा सरळ केली.

नंतर हिने जेवणाच्या टेबलावर चादर टाकली आणि तिघं खाली शिरली. उकडलेले बटाटे, मीठ, एक टॉर्च. जंगलातलं हॉटेल म्हणे. ही वाघीण. तासभर नुसत्या किंचाळ्या. इकडे मला वळणावरची पट्टी सरळ लावता येईना. शेवटी ओरडलो की जरा हळू, मी तुमच्यासाठीच मरतोय इथे.

१६ जानेवारी, बुधवार

बर्फाच्या कांड्या. कलिंगडाचा रस, पुरवठ्याला यावा म्हणून थोडं पाणी. मग आणखी थोडं. काड्या कमी पडल्या म्हणून पेन्सिली वापरल्या. धाकटा आईला सांगत गेला, बाबाने पेन्सिलीला बर्फ लावलाय.

दोघांना सर्दी. शाळेतून आणली असणार.

१९ जानेवारी, शनिवार. संध्याकाळी ६

उद्याचं टाइमटेबल फ्रिजवर लावलं. ११:०० स्वागत. ११:१० बोगदा, प्रत्येक मुलाच्या दोन फेऱ्या. ११:४० पिझ्झा. १२:१५ कांड्या. १२:३० साडूंचा प्रश्न.

बाथरूमच्या आरशात तीन शब्दांची प्रॅक्टिस केली. आवाज खालचा, डावी भुवई किंचित वर. ही बाहेरून म्हणाली, कोणाशी बोलताय? आणि उरकलं असेल तर बाहेर या, मोठीला तुमच्याबरोबर पत्ते खेळायचेत.

उद्यानंतर खेळू. उद्यानंतर वेळच वेळ आहे.

२० जानेवारी, रविवार. दुपारी ३

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

११:०५ ला आले. साडूंनी बोगदा पाहिला. मी टाइमटेबल वाचायला चष्मा लावेपर्यंत त्यांनी घड्याळ काढून टीव्हीजवळ ठेवलं, "मी जाऊ का हो?" म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता आत शिरले. एवढा मोठा माणूस! दोरी त्यांच्या पायाबरोबर आत गेली.

वळणावर अडकले.

मग आतून आवाज आला, "अरे, मला पुढे पण जाता येत नाही आणि मागे पण!" तिन्ही मुलं तुटून पडली. मोठी स्वयंपाकघराकडून हात ओढतेय, त्यांचा मुलगा हॉलकडून पाय ढकलतोय, धाकटा वर चढून बसलाय. त्यांचा तो कंटाळलेला पोरगा इतका हसला की त्याला उचकी लागली. मोठीने पुठ्ठ्याला भोक पाडलं आणि त्यातून पिझ्झा भरवायला लागली. कैद्याचं जेवण म्हणे. मी सांगत होतो की पिझ्झा ११:४० ला आहे. आतून साडू म्हणाले, "तो करपलेला तुकडा आहे ना, तो आणखी एक द्या. झकास लागतोय."

शेवटी मलाच कटर आणावा लागला. माझा बोगदा, माझं वळण, माझ्याच हाताने कापलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. साडूंसाठी.

बाहेर आले तेव्हा केसांत चिकटपट्टी, डोळ्यांत पाणी. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "गेम झोनमध्ये मी बाहेर बाकावर बसून फोन बघत असतो हो. पोरगं मला खेळायला हाक मारत नाही. आज मारली." मग म्हणाले, "हे तुम्हाला जमतं कसं?"

वेळ १२:१०. वीस मिनिटं आधी, पण प्रश्न तोच! मी भुवई वर केली. तेवढ्यात त्यांच्या मुलाने बाही ओढली, "बाबा, चल ना परत", आणि साडू गेलेसुद्धा.

मी म्हटलं, "वेळ द्यावा लागतो."

पॅसेजमध्ये फक्त ही होती. हातात कांड्यांचा ट्रे. म्हणाली, "हो ना."

निघताना त्यांचा मुलगा खरंच जमिनीवर लोळून रडला. म्हणजे सगळं बेताप्रमाणे झालं. तरी छातीत काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय. गॅसेस असतील.

२१ जानेवारी, सोमवार

शांतपणे विचार केला. विजय माझाच. साडू रडले, त्यांचा मुलगा रडला. सूड आणखी वेगळा काय असतो?

धाकटा सकाळी शाळेत जाताना म्हणाला, बोगदाकाका परत कधी येणार?

२७ जानेवारी, रविवार

सकाळी ९ लाच बेल. साडू, ट्रॅक पँटमध्ये, रिकाम्या हातांनी. बोगदा दुरुस्त करायला आलेत. वळण आता गोल केलंय, मोठ्या माणसांसाठी. पट्टी वाकडी लावत होते. मी दोन ठिकाणी दाखवलंसुद्धा. मोठी आतून म्हणाली, "बाबा, तू नंतर तपास ना."

नंतर तपासलं. नऊ ठिकाणी वाकडी. त्यांना नऊच्या नऊ सांगणार होतो, पण ते, ही आणि मुलं टेबलाखाली बटाटे खात होते. चौघांत जागा नव्हती. म्हणजे मी विचारलं नाही. पण दिसतच होतं.

३ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १

सकाळपासून मुलं साडूंकडे. त्यांच्या हॉलमध्येही आता बोगदा. १० वाजता फोन आला, "खोकी कमी पडताहेत, असतील तर द्या." मी काल रिजेक्ट केलेली दहा घडी करून छातीशी धरली आणि पायीच निघालो. दोन वेळा थांबलो. वारा होता.

बेल वाजवली. आतून हसण्याचा गलका. दार धाकट्याने उघडलं. एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं, मागे वळला आणि आत ओरडला, "काका, खोकीवाला आला!"

पुठ्ठ्यामागे माझं तोंड दिसत नसणार. एरवी तो मला लगेच ओळखतो.

साडू धावत आले, आत चला म्हणाले, हात धरून आग्रह केला. मी म्हटलं, नको, जरा घाईत आहे.

घरी आलो. दोन तास झाले. कसली घाई होती ते आठवतोय.