हळदीच्या अंगठ्याचं पान

१२ नोव्हें., बुध.
लिही बाय. तुळशीचं लग्न झालं, आता माणसांची सुरू. शुक्रवारी तळोज्याच्या बाजूला हळद हाय, बोलावणं आलं. डीजे कितीही वाजवा, नवरीला हळद लावताना धवले गायला धवलारीणच लागते, नि आमच्या गावात आता मी एकटी. प्राजू म्हणते, "आजी, तू गेलीस की सगळी गाणी तुझ्याबरोबर जातील. म्हणून ही वही." म्हटलं, मला पाठवायची एवढी घाई? हसली. नात माझी. पनवेलच्या इंग्रजी शाळेत मास्तरीण. दिवसभर पोरांना शिकवते, संध्याकाळी माझं उतरवते. गाण्यांबरोबर रोजचंही लिही म्हटलं. मला अक्षर येत नाय, पण वही माझी हाय.

१५ नोव्हें., शनि.
काल वही हळदीला नेली. नवरीच्या आत्याला दाखवायला, की बघ, माझं बोललेलं माझी नात लिहिते. हळदीचा हात लागला, बुधवारच्या पानावर अंगठा उठला. प्राजू कुरकुरली, "आजी, किती नीट अक्षर काढलं होतं." म्हटलं राहू दे. सही झाली माझी.

१९ नोव्हें., बुध.
दुपारी पोलीस दारात. घरात मी एकटी. म्हटलं, माझ्या महादेवानं काय केलं? न्हावा शेव्याला क्रेनवर असतो मुलगा माझा, काय पाडलं का कुणाच्या डोक्यावर? "नाय आजी, प्राजक्ताचं काम हाय. परदेशात नोकरीला चाललीय ना, वागणुकीचा दाखला पाहिजे."
हो, चाललीय, म्हटलं. मला काडीची खबर नव्हती. पण पोलिसापुढं घरचं कशाला उघडं करा.
"वागणूक कशी?"
"चांगली. घरात कमी सांगते एवढंच."
चहा पिऊन गेला.
आत्ता हे तिलाच लिहायला सांगते. पोलीस हा शब्द आला नि पेन थांबलं. लिही, लिही. पोरांना नाय का सांगत, मध्ये थांबायचं नाय म्हणून.

२० नोव्हें., गुरु.
सगळं काढून घेतलं तिच्याकडून. एका देशाची फौज दुसऱ्याच देशात तळ टाकून बसते. शिपायांची बायकापोरं तिथंच, म्हणून आत शाळा. मास्तर आधी आपल्याच देशाचे घेतात. नाय पुरले तर बाहेरचे, मदतनीस म्हणून. प्राजू आठ महिने अर्ज भरतेय. पाच ठिकाणाहून नाय आलं, एकाकडून आता जरा हो.
"कुठं जायचं पण?"
"कुठेही. अर्जात तशीच खूण करावी लागते."
कुठेही. बेट चालेल, वाळवंट चालेल. उरणचं स्थळ आलं होतं तेव्हा म्हणाली, लांब पडेल.
महादेवाला ठाऊक होतं. सुनेला ठाऊक होतं. "तुला वाईट वाटेल म्हणून नाय सांगितलं, आये." म्हणजे वाईट वाटेल हे पण ठरवून ठेवलेलं. रोज संध्याकाळी इथं मांडीला मांडी लावून बसायची. मी आपली सांगत, नि ही...
असो.

२५ नोव्हें., मंगळ.
त्या फौजेच्या शाळेच्या बाई आज कॉम्प्युटरवर आल्या. प्राजू म्हणाली, "त्यांना तुला बघायचंय, फक्त नमस्कार कर." हिरवं लुगडं नेसले. बाई गोड. गालात हसत होती. मग तिनं पडद्यावर एक पान दाखवलं.
अक्षर मला कळत नाय. अंगठा कळतो. हळदीचा, माझा. वही माझ्या कपाटात नि पान त्या बाईकडं.
बाईनं टाळ्या वाजवल्या. प्राजूला विचारलं, काय म्हणते?
खाली बघून म्हणाली, "तुझं कौतुक करतायत."
"कशाचं?"
"ह्या वयात लिहायला शिकलीस, त्याचं."
मग बाईनं हातानं हवेत लिहिल्यासारखं केलं. ते न सांगता समजलं. माझं नाव माझ्या हातानं लिहून दाखव म्हणत होती. प्राजूच्या तोंडचं पाणी पळालं.
म्हटलं, सांग तिला, आज हात दुखतोय.
बाई म्हणाली, काळजी घ्या, पुढच्या मंगळवारी बघू.
पोलिसाला एक, बाईला एक. खोट्यात मी प्राजूपेक्षा तयार निघाले.

२६ नोव्हें., बुध.
आज लिहायला बसत नव्हती. बसवली.
जरा हो आल्यावर गेल्या आठवड्यात आणखी एक अर्ज भरायचा होता म्हणे. त्यात विचारलं, तुमचा सगळ्यात कठीण विद्यार्थी कोण, त्याला कसं शिकवलंत. हिनं माझं नाव लिहून दिलं. ह्या वहीचे फोटो जोडले, माझ्या हातचं अक्षर म्हणून.
"आजी, तूच म्हणालीस ना, वही माझी हाय."
वही माझी. अक्षर तुझं. दोन्ही तूच खाल्लंस.
दोन वर्षांपूर्वी पाटी आणली होती हिनं. तीन दिवस शिकवलं. मग शाळेत परीक्षा आली. चौथ्या दिवशी मी पाटी पुसून, चष्मा लावून ओटीवर बसले. पाचव्यालाही. सहाव्या दिवशी कपाटावर ठेवून दिली. हे कोणाला सांगितलं नव्हतं. आज लिही.
लिहिलंस?

२९ नोव्हें., शनि.
म्हटलं, काढ पाटी. तुझं कागदावरचं तरी खरं होऊ दे. नाव माझं गोमा. कुणी घाई करून ठेवलं असेल, पण आज कामाला आलं, लहान हाय.
गोल माझा फुटतो. हात धरून दहा वेळा काढून घेतला, एकदा चिडली नाय. शिकवते चांगली. तेवढं अर्जात खोटं नव्हतं. हेच कळल्यावर जास्त लागलं. एवढं येत होतं तर दोन वर्षं...
रडायला लागली. म्हटलं, पाटी पुसायला फडकं हाय घरात.

१ डिसें., सोम.
नाव येतं. वाकडं, पण माझं. सकाळपासून तीनदा विचारून झालं हिचं, "आजी, उद्या लिहिशील ना?"
लिहिलं तर ही जाणार, हिच्या खोट्याखाली माझी सही राहणार, नि धवले ह्या वहीत पडून राहणार. नाय लिहिलं तर इथंच राहील. रोज संध्याकाळी समोर बसेल, मला लिहील, नि माझ्याकडं बघणार नाय.
पुन्हा विचारते. अगं, माझं ठरलंय. पण वहीत लिहिणारी तू, म्हणून सांगत नाय. बारा दिवसांपूर्वी पोलिसानं मला सांगितलं, तसं तुला उद्या ती बाई सांगेल.
मिटव आता. पेन नेऊ नको. इथंच ठेव, माझ्या उशाशी.