कुलूपवाल्याच्या फोनात शिरलेला चोर

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे आठांपैकी पाचच अंगं टेकतात, उरलेली तीन टेकली असं समजून घे). तुझी पाठ कशी आहे? दुपारी जरा आडवी होतेस की अजून कपाटं आवरत बसतेस? आपण बोललो त्याला दोन वर्षं होऊन गेली, तेव्हा उत्तराची घाई नाही. आता फोन सोडून कागद का काळे करतोय, तर माझा फोन सध्या किल्ल्यांच्या डब्यात बंद आहे. त्यात चोर शिरला होता.

हसू नकोस. बाबांनी हातात कानस दिली तेव्हापासून चाळीस वर्षं लोकांची कुलुपं दुरुस्त केली, आणि शेवटी माझ्याच घराला भगदाड! गेल्या सोमवारी जेवून हात पुसतोय तोच फोनवर निरोप आला, की तुमच्या फोटोंच्या खात्यात अनोळखी फोनवरून कुणीतरी आलंय, ते तुम्हीच का? मी नव्हतो. माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्या खात्यात आईच्या अल्बममधले सगळे फोटो आहेत (हो, तोच अल्बम. त्यावरून तू मला ‘अल्बमवर बसलेला नाग’ म्हणालीस आणि मी तुला त्याहून वाईट काहीतरी म्हणालो. ते मी विसरलोय, तू विसरली नसशील).

नेटवाल्याला बोलावलं. त्याने लॅपटॉप उघडून सांगितलं, की तुमच्या वायफायवर अकरा फोन चालतात. घरात आम्ही दोघं! पासवर्ड बदलला मात्र, पाच मिनिटांत दारात रांग लागली. वरचे शिंपीकाका, समोरची नर्स, तळमजल्यावरचं पेन्शनर जोडपं, सगळ्यांचं एकच, “नेट गेलं का हो?” तुझ्या भावजयीने अख्ख्या इमारतीला पासवर्ड वाटला होता (विचारलं तर म्हणते, “मागितला, दिला. त्यात काय एवढं?”). मग फोनला कुलूप घालायला घेतलं. बोटाचा ठसा काही केल्या घेईना. किल्ल्या घासून घासून माझ्या बोटांवर रेघच उरलेली नाही. चेहरा दाखवला, तर चष्मा काढल्यावरच ओळखतो, आणि चष्मा काढला की त्याने ओळखलं की नाही ते मला दिसत नाही. शेवटी सहा आकडे ठेवले, कागदावर लिहिले आणि कागद जपून ठेवला. इतका जपून, की अजून शोधतोय. म्हणून फोन डब्यात.

पण खरा चोर वेगळाच निघाला. नेटवाला म्हणाला, तो तीन महिने येतोय (आधीचे निरोप मी न वाचताच पुसले असणार). रोज दुपारी अडीचला येतो, आईचे फोटो बघतो आणि जातो. नेलं काहीच नाही. एक फोटो आडवा पडला होता, तो सरळ केला. मी एकाखाली “आई, वय तीस” लिहिलं होतं, ते खोडून “सव्वीस” केलं. असला चोखंदळ चोर नेटवाल्यानेही पाहिला नव्हता. त्याने विचारलं, “काका, या खात्याचा पासवर्ड कुणाला माहीत होता?” मी म्हटलं, “कुणालाच नाही.” त्याने नवा पासवर्ड घालून चोराला बाहेर काढलं.

त्यावरून आपल्या जुन्या घराचं कुलूप आठवलं. बाबा गल्लीभर किल्ल्या करून द्यायचे आणि घरची दुसरी किल्ली करायला त्यांना जन्मात वेळ झाला नाही. ती एकुलती एक किल्ली आई कामाला जाताना ठेवायची त्या जागी (जागा लिहीत नाही, पत्र कुणीही फोडतं). शाळेतून आधी तू यायचीस, कुलूप काढायचीस आणि माझ्यासाठी दार लोटून ठेवायचीस. त्यामुळे कुलूपवाल्याचा मुलगा असून घरात शिरायला मला कधी किल्ली लागलीच नाही. हे परवा पहिल्यांदा लक्षात आलं.

असो. आता सगळं पक्कं बंद आहे. मुंगीसुद्धा शिरायची नाही. पाठीला शेक घेत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. खात्याचे निरोप आता तुझ्या भावजयीच्या फोनवर येतात. गुरुवारी अडीचला कुणीतरी जुना पासवर्ड घालून पाहिला. शुक्रवारीही. शनिवारी दोनदा. रविवारी कुणी आलं नाही. मी चार वाजेपर्यंत तिचा फोन मांडीवर घेऊन बसलो होतो.

ता. क. दुसरा. जुना पासवर्ड म्हणजे माझं घरातलं लहानपणचं नाव. त्या नावाने हाक मारणारं माणूस जगात आता एकच उरलंय, आणि मी त्यालाच बाहेर काढून कुलूप घातलं. फार वाईट वाटलं, ताई.

ता. क. तिसरा आणि मुद्द्याचा. विहिरीजवळच्या फोटोत आईच्या खांद्यावर हात ठेवून हसणारी बाई कोण? मला आठवत नाही. बघून खाली लिही, आणि माझ्या बाकीच्या चुकाही सुधार. खात्याचा पासवर्ड मी पुन्हा बदललाय, तो तुला सांगायला नको. आई किल्ली ठेवायची ती जागा. खरा अल्बम मात्र त्याने उघडत नाही, तो मी टेबलावर काढून ठेवलाय. त्यासाठी तुलाच यावं लागेल. दार नुसतं लोटलेलं आहे.