दाराशी येऊन परत जाणारी

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मला तुमची गरज आत्ता पडली आहे, तीही एका इंग्रजी गाण्यासाठी. हसा खुशाल. माझी सोळा वर्षांची लेक हे गाणं स्वतः रचून गिटारवर म्हणते, खोलीचं दार लावून. इथे परदेशात, बुकित पंजांग भागातला आमचा फ्लॅट चौदाव्या मजल्यावर आहे. तिचा बाबा कामासाठी बहुतेक जकार्तात, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. मी पॅसेजमध्ये उभी राहून ऐकते. पाणी वर चढतंय, श्वास पुरत नाही, कुणीतरी दाराशी येतं आणि परत जातं, असं काहीसं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझी नजर आधी खिडकीकडे गेली. मन चिंती ते वैरी न चिंती. आठवड्याभरात मी सगळ्या खिडक्यांना ग्रिल बसवून घेतलं आणि तिला सांगितलं की शेजाऱ्यांकडेही आहे. तिनं ग्रिलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आय नॉट बेबी, लाह," एवढंच म्हणाली, इथल्या पोरांच्या इंग्रजीत.

तुमचं स्वयंपाकघर आठवतं. शनिवारी शाळा सुटली की आम्ही तिघीचौघी तुमच्याकडे. तुम्ही मेथी निवडताय आणि रेडिओवर लागलेलं गाणं आम्ही जुन्या विराण्यांशेजारी ठेवून बघतोय. हा तुमचा आवडता उद्योग. गाण्यातली बाई कुणाची वाट बघते, विराणीतली कुणाची बघते. एकदा मी म्हटलं, ही विरहिणी नुसती रडूबाई आहे, उठसूट मरण काय मागते. तुम्ही मेथीची जुडी खाली ठेवलीत. "मरणाचे शब्द धरून बसू नकोस, ती कुणाशी बोलतेय ते बघ. हाक मारतेय तोवर तिला कुणीतरी यायला हवंय. गप्प झाली की घाबर." सगळ्यांसमोर बोललात म्हणून मी हिरमुसले होते.

बाई, ती गप्प झाली आहे. गेल्या आठवड्यात मी न राहवून विचारलं, गाणं कुणासाठी आहे, कुणी मुलगा आहे का. ती अर्ध्या ताटावरून उठली. तेव्हापासून गिटार भिंतीला टेकून आहे आणि माझा जीव टांगणीला. आज ऑफिसला दांडी मारून मी ते गाणं आठवेल तसं तुमच्या पद्धतीनं विराण्यांशेजारी ठेवून बघत बसले. दाराखालच्या फटीतून पावलांची सावली दिसते, असं ती गाते. आमच्या घरात त्या दाराबाहेर उभं राहणारं दुसरं आहे कोण? मी प्रियकर शोधत होते आणि ती वाट माझी बघत होती.

ती शाळेतून आल्यावर मी दार वाजवून आत गेले, पलंगावर तिच्याशेजारी बसले. मग तिनं इंग्रजीत विचारलं, आई, तू घाबरली आहेस का. मी हो म्हटलं.

"मलापण भीती वाटते," ती मराठीत म्हणाली. "माझीच."

मी तिला घट्ट धरून ठेवलं. उद्या सकाळी शाळेच्या समुपदेशकांकडे आम्ही दोघी जाणार आहोत, ती आपणहून हो म्हणाली. आत्ता ती समोर बसून वरणभात खातेय आणि मी हे लिहितेय. पाठवायला पत्ता नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू? ती पुन्हा गायला लागली तर ऐकायची मला भीती वाटते, आणि नाही लागली तर त्याहून जास्त.