दुपारपूरचं पोथीघर

ता. ९ फेब्रुवारी ७४
सकाळी ९८.६, चारला ९९.४. वजन एक पौंड वाढलं.
शेजारची कॉट आज भरली. भागूबाई, जतच्या पलीकडची, मेंढरंवाली. पस्तिशीची असेल, दिसते पन्नाशीची. दुष्काळी कामावर वर्षभर खडी फोडली, तिथंच खोकला लागला. दिरानं आणून सोडलं नि तो लगेच गेला. सोबत एक घोंगडं नि तांब्या. सिस्टरनी घोंगडं उन्हात टाकायला नेलं, तर ते परत येईपर्यंत ही कॉटशेजारी उभीच.
मला या क्षयाच्या दवाखान्यात येऊन सहा महिने झाले. फलटणच्या शाळेत माझ्या जागी कुणी तात्पुरती आली आहे म्हणे. चौथीच्या मुलींना ती पाढे म्हणायला लावते का, कुणास ठाऊक.

ता. ११
एक ते तीन सक्तीची विश्रांती. वाचायचं नाही, बोलायचं नाही, छताकडे बघत पडून राहायचं. भा. कुजबुजली, "बाई, ह्ये रोज असंच?"
"रोज."
"मेंढरं बी एवढी पडत न्हाईत."
हसू आलं नि खोकला आला. सिस्टर बघून गेल्या.
मग हळू आवाजात तिला माझं गाव सांगितलं. ताप असायचा तेव्हा दुपारी दिसायचं ते. कोरड्या तळ्याच्या तळाशी वसलेलं गाव. पाणी नाही, पण उजेड पाण्यासारखा हलतो. माणसं चालतात तेव्हा सावल्या आधी जातात. मधोमध पोथीघर, त्यात जगातल्या सगळ्या विद्या. पाऊस बोलवायची, हरवलेलं परत आणायची, पाखरांशी बोलायची. दर दाराला पहारा. मी कधी पायऱ्यांच्या पुढं गेले नाही.
"मग फुडं?"
"पुढं काय, जाग येते."
"तुमास्नी येती जाग. मी कशाला उठतो? मी जातो की आत."

ता. १४
खेळ जमला. स्वैपाकघरातून चिंचोके आणले, भा.नं पायरीवर घासून त्यांच्या फाका केल्या. पाच फाका. तीन किंवा जास्त पांढऱ्या पडल्या तर जमलं, नाहीतर नाही. गाव मी, पहारेकरी मी, वाटेतली माणसं मी. ती म्हणजे तीच, हातात काठी.
पहिल्यांदा विचारलं काय, तर "कुत्रं न्यायला चालंल?"
म्हटलं, चालेल. मग म्हणाली, "मोती नाव हाय त्याचं."
गावाला नाव तिनं दिलं. दुपारी लागतं म्हणून दुपारपूर.

ता. १५
मोती गेल्या वैशाखात मेला, असं आज सहज बोलताना कळलं.

ता. १९
वेशीच्या आत. दुपारपूरचा बाजार. तिथं आवाज विकत मिळतात, गाडग्यात भरून, वर फडकं बांधून. भा.नं एक फडकं सोडून बघितलं, आत नुसता वारा. "आमच्या माळावरचा हाय," म्हणाली. ते मी सांगितलं नव्हतं. तिचं तिनं ऐकलं.
मग पोथीघराचं पहिलं दार. तिथला नियम: खोटं बोलणाऱ्याला दार दिसत नाही. पहारेकरी विचारतो, कशाला आलीस.
मला वाटलं पावसाची विद्या मागेल.
"पावसाचं काय करू? आला काय न् गेला काय, मेंढरं तर गेली. उरल्याली धा-बारा घिऊन मालक माजा पाटणाकडनं खाली कोकणात उतरलाय. मी हितं हाय त्ये त्याला ठावं न्हाई. त्याला कळंल अशी विद्या पायजे."
फाका टाकायच्या राहूनच गेल्या. दार उघडलं.

ता. २०
रात्रीपासून भा.ला ताप. खेळ नाही.

ता. २४
दुसरं दार. पहारेकरी एक मेंढा, मोठ्या वळलेल्या शिंगांचा. (हे मी तिच्यासाठी घातलं.) तो कुणाला सोडत नाही. भा.नं त्याचा कान उलटा करून बघितला. "कान कापल्याली खूण हाय. आमच्याच मेंढरांच्या वाड्यातला ह्यो." चार पांढऱ्या पडल्या. मेंढा बाजूला झाला.
कॉटवर उताणी पडून हवेत कान उलटा करणारा तिचा हात. तो हात दिवसभर डोळ्यांपुढं आहे.

ता. २७
डॉ.नी तिच्या छातीचे फोटो खिडकीला धरून दाखवले. डावीकडं वर मोठं भोक. औषधाला दाद देत नाही. बरगड्या काढून ती बाजू खाली बसवावी लागेल. लवकर.
भा. म्हणाली, "मालक आल्याबिगर मी अंगठा लावत न्हाई."
"मालक कुठं आहेत?"
"त्ये कुठं म्हाईत हाय?"
बाहेर व्हरांड्यात डॉ. मला म्हणाले, तुम्ही शिकलेल्या आहात, तुमचं ती ऐकेल, समजवा. मी बरं म्हटलं.

ता. १ मार्च
जे केलं ते लिहिते.
तिसरं दार. पहारेकऱ्याच्या तोंडी मी घातलं: "आत जायचं तर अंगातलं हाड काढून इथं ठेव. हाड दिलं की विद्या तुझी."
भा. छताकडे बघत राहिली. पंखा फिरत होता. फाका तिच्या मुठीतच होत्या. मग म्हणाली, "ह्यो शिपाई न्हाई. ह्यो डाक्टर हाय. तुमी त्याला शिकवून धाडलाय."
"भागूबाई, तसं नाही..."
"खोटं बोलणाऱ्याला दार दिसत न्हाई, तुमीच म्हणला हुता."
कूस बदलली. पाठ माझ्याकडे. घोंगडं कानावरून.

ता. ३
बोलत नाही. जेवण येतं, ताट जातं. दुपारी डोळे मिटले की दुपारपूर दिसतं, पण रस्त्यावर कुणीच नाही. गाडग्यांची फडकी सगळी सुटलेली.

ता. ४
दुसऱ्याला समजवायला निघालेली मी. माझं काय ते तरी लिहून ठेवावं.
थुंकी तीनदा स्वच्छ आली. मागच्याच महिन्यात सोडणार होते. मी सिस्टरना सांगितलं, उजव्या कुशीत दुखतं. दुखत नाही. दिवाळीपासून ह्यांचं पत्र नाही. माझा भाऊ अण्णा मागं भेटायला आला तेव्हा एवढंच म्हणाला की साताऱ्याला सासूबाई कुणाकुणाकडे बोलतायत, सून आता संसाराच्या कामाची राहिली नाही म्हणून. पुढं काय बोलतायत ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. इथं घंटेला उठायचं, घंटेला निजायचं. कुणी काही विचारत नाही.

ता. ६
भा. आज आपणहून वळली. "बाई, गाव तुमचं हुतं तवर हुतं. आता माजं. आत तुमी यायचं."
तिचं दुपारपूर वेगळं. तळ्यात नाही, माळावर. घरांच्या भिंती लोकरीच्या, वारा आला की श्वास घेतल्यासारख्या फुगतात. पोथीघरात एकही पोथी नाही. भिंतीला कोनाडे, दर कोनाड्यात एक म्हातारी. एकेकीला एकच गोष्ट ठाऊक. जवळ बसायचं, ती बोलेल तेव्हा ऐकायचं. उठून गेलात की ती विसरते, मग ते ठाऊक असलेली तुम्हीच.
"म्हणून राखण लागती," भा. म्हणाली. "कुणीबी येऊन न्हेलं तर कोनाडा रिकामा हुतो."
दाराशी तीच बसली. "कोण?"
"शालन."
"त्ये नाव झालं. काय पायजे?"
"पाखरांची भाषा."
"खोटं."
मी उजव्या कुशीवर वळले.
"कुशीत दुखत न्हाई तुमच्या," ती म्हणाली. खेळातल्या आवाजात नाही, साध्या. "मी बघतो न्हवं. त्याच कुशीवर तर निजता."
बोलायची वेळ नव्हती, पण सिस्टर कुठं दिसत नव्हत्या. सगळं सांगितलं. ह्यांचं, सासूबाईंचं, अण्णानं जे सांगितलं नाही त्याचं. तिनं मधे एकदाही अरेरे केलं नाही.
"मग काय विद्या पायजे?"
"घरी न जाण्याची."
"ती न्हाई हितं. हुती. कुणीतरी न्हेली, परत आणली न्हाई. दुसरं मागा."
मग म्हटलं, "ह्यांना तोंडावर विचारायची."
"ती हाय. लय खालच्या कोनाड्यात. वाकाय लागंल."

ता. ७
भा.ची माफी मागितली. "कशाची?" म्हणाली. मग, "डाक्टरचं बरोबर आसंल. पर त्येनं माज्याशी बोलावं. शिपाई कशाला मदी?"

ता. ८
पाटणच्या बाजारात एक लोकरीचा व्यापारी आहे, भा.चा मालक येता-जाता त्याच्याकडे थांबतो. त्याच्या नावानं कार्ड लिहिलं. तिनं सांगितलं तसंच, माझा शब्द न घालता:
"मी सांगलीकडं दवाखान्यात हाय. डावीकडली हाडं काढणार म्हणत्यात. पोरगी जाऊबाईकडं बरी हाय. यायचं तर ये. ये."
शेवटचा 'ये' दोनदा झाला म्हणून विचारलं, खोडू का. म्हणाली, न्हाई, ऱ्हाऊ द्या.
दुसरं कार्ड मी स्वतःसाठी घेतलं. कोरंच आहे.

ता. १३
वजन तेवढंच. मोहोर गळून व्हरांड्यात येतोय. भा.ला दोनदा रक्त पडलं, थोडं. दुपारपूरला गेलो नाही. नुसत्या पडून होतो, तरी वाटत होतं, तिथंच आहोत.

ता. १८
पाटणहून काही नाही.
भा.नं डॉ.ना राऊंडवर थांबवलं. "बसा," म्हणाली. ते खरंच स्टुलावर बसले.
"हाडं काढल्यावर डोईवर हंडा घेता यील?"
"वर्षभर नको. मग जपून."
"मेंढरू उचलता यील?"
डॉ.नी विचार केला. "मोठं नाही. कोकरू उचलाल."
"न्हाई काढली तर?"
ते खाली बघत म्हणाले, "पुढचा उन्हाळा दिसेल याची खात्री मी देत नाही."
"आन् काढताना मेलो तर?"
"तेही होऊ शकतं. बऱ्याच जणी वाचतात."
"बरं. मग काढा. कागुद आणा."
अंगठा लावला नि शाई बराच वेळ चोळत बसली. माझ्याकडे बघून म्हणाली, "मालकाची वाट बघत हुतो, पर बरगडी माजी हाय."
संध्याकाळी मी सिस्टरना सांगितलं, कुशीत दुखत नाही, कधीच दुखत नव्हतं. त्या रागावल्या नाहीत. माझ्या केसपेपरवर काहीतरी लिहिलं. अण्णाला तार जाईल.

ता. २३
शेवटचं दुपारपूर. कुणाचं गाव, कुणाचा पहारा, काही ठरवलं नाही. दोघी मिळून आत. ती एक दार सांगायची, पुढचं मी. आत कोनाडे, म्हाताऱ्या, लोकरीच्या भिंतींतून येणारा मऊ उजेड. एका कोनाड्यात एक बाई पाठमोरी बसलेली.
"तिला काय ठाऊक आहे?" मी.
"इचारू नगा. ती अजून शिकत्या."

ता. २६
सकाळी आठला नेलं. डोक्याला पांढरं फडकं, अंगात हिरवा झगा, लहान मुलगी दिसत होती. स्ट्रेचरवरून म्हणाली, "बाई, घोंगडं उन्हात टाकाय द्या. धुवाय न्हाई."
दिलं.
एक वाजला. विश्रांतीची घंटा. शेजारची कॉट रिकामी. दुपारपूर आज आलं नाही. मी बोलावलंही नाही.
पावणेतीनला सिस्टर: शुद्धीवर नाही अजून, पण आहे.

ता. २७
दुसऱ्या वॉर्डात ठेवली आहे. काचेतून बघू दिलं. डावा खांदा खाली गेल्यासारखा. डोळे मिटलेले. ओठ हलत होते, काय ते कळलं नाही. डॉ. म्हणाले, दोन दिवस गेले की सांगता येईल.
पाटणचं कार्ड आलं. व्यापाऱ्याच्या हातचं: "सदर इसम तुमचं पत्र यायच्या आठ दिवस आधी येऊन गेला. परत वर चढेल तेव्हा निरोप देतो."
कार्ड सिस्टरजवळ दिलं. जाग आल्यावर वाचून दाखवते म्हणाल्या. कधी चढेल, ते त्यात नाही.

ता. २८
अण्णा आला. ट्रंक, गादी, औषधांच्या तीन महिन्यांच्या पुड्या. जाताना परत काचेशी गेले. डोळे उघडे होते. मला बघितलं की छताकडे, सांगता येत नाही. मी हात उलटा करून दाखवला, मेंढ्याचा कान बघतात तसा. तिचा उजवा हात चादरीखाली होता.

ता. २८, सातारा
एस्टी दीडला पोचली. अण्णाकडे फलटणला जायची गाडी चारची. अण्णा म्हणाला, सावलीत बसू. म्हटलं, तू बस, मी घरी जाऊन येते.
"कुणाच्या घरी?"
"माझ्या."
"मी येतो."
"नको. मला एकटीला विचारायचं आहे."
तो उठला, परत बसला. "तायडे, ते काय म्हणतील ते..."
"म्हणू दे की."
चढ चढताना दम लागला, दोनदा थांबले. दाराला कुलूप. शेजारच्या काकू ओळखून क्षणभर मागं सरकल्या, मग पाणी दिलं, भांडं मात्र परत घेतलं नाही. म्हणाल्या, तुझ्या सासूबाई माहुलीला गेल्यात, देवाला. मी विचारलं, आणि हे? म्हणाल्या, कचेरीतून येतील, शनिवारसारखं आज लवकर सुटणार म्हणत होते.
ओट्यावर बसून लिहितेय. तुळशीला कुणीतरी रोज पाणी घालतंय. दोरीवर दोन धोतरं, एक सदरा, सासूबाईंचं लुगडं. तिसऱ्या कुणाचं काही नाही. म्हणून कुणी नसेलच असं नाही.
काय विचारायचं ते चढावर नीट जुळवलं होतं. आता त्यातलं पहिलं वाक्य तेवढं आठवतंय.
बोळाच्या तोंडाशी सायकलवरून कुणी उतरलं. हेच आहेत. अजून मला बघितलं नाही.