चारशे बारा ओळी

प्रिय स्वल्पविराम,

हे नाव मीच ठेवलं होतं, कारण तुझ्या प्रोग्रॅममध्ये स्वल्पविरामानंतर कधी जागाच सुटायची नाही. मी रोज कटकट करायचो. तू एकदाच म्हणालीस, "मास्तर, मशीनला चालतंय, मग तुमच्याच डोळ्यांत का खुपतंय?" खुपायचं खरं. कॉलेजचं तोंड न पाहता, रद्दीतल्या पुस्तकांवर शिकलेला माणूस मी. नीटनेटकेपणा हीच माझी पदवी.

बातमी अशी, की कंपनीला वीस वर्षं झाली म्हणून स्वागतकक्षाच्या भिंतीवर फोटो लावलेत, कोणी काय घडवलं त्याचे. सिग्नल गेला तरी निरोप हरवू न देणारा, तू लिहिलेला प्रोग्रॅमचा तो भाग, चारशे बारा ओळी, माझ्या फोटोखाली आहे. वेबसाइटवरही तसंच. बायकोने सगळ्या नातेवाइकांना लिंक पाठवली. थोरला भाऊ आजवर मला 'बिनपदवीचा इंजिनिअर' म्हणायचा, तो चक्क 'साहेब' म्हणाला. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

घोळ कसा झाला तेही शोधलं. तू नोकरी सोडलीस त्या आठवड्यात मी ती फाइल साफ केली होती. प्रत्येक स्वल्पविरामानंतर जागा, प्रत्येक शब्दाचं स्पेलिंग. कामात काडीचा फरक नाही, युक्ती सगळी तुझीच. पण नोंदीत ओळीपुढे नाव येतं ते शेवटचा हात लावणाऱ्याचं. भिंतीवाल्यांनी तेवढंच पाहिलं. आणि मी नऊ दिवस गप्प बसलो.

काल टेस्टिंगच्या ताईंकडून कळलं. दुसऱ्या कंपनीतल्या मुलाखतीत तू हे काम सांगितलंस आणि त्यांनी तुझ्यासमोर आपली वेबसाइट उघडली, तिथे माझं नाव. तू वाद घातला नाहीस म्हणे, ग्लासातलं पाणी संपवून उठलीस.

आज सकाळी मी व्यवस्थापकांना जुनी नोंद दाखवली. तिथेही तू नुसती 'स्वल्पविराम'. तुझं खातं त्या नावाने उघडलं, तेही माझंच कर्तृत्व. पाटी आणि वेबसाइट दोन्ही बदलतो म्हणाले, आणि फॉर्म पुढे केला. इंजिनिअरचं पूर्ण नाव, इंग्रजीत. मी पेन उचललं आणि अडलो. सहा वर्षं शेजारी बसून तुझी स्पेलिंगं सुधारली, पण तू स्वतःचं नाव एका 'ई'ने लिहितेस की दोन, हे मला सांगता येईना. ऑफिसच्या जुन्या यादीत दोन्ही तऱ्हा आहेत. अंदाजाने भरणं मला जमणार नाही, म्हणून ती चौकट कोरी ठेवली आहे. तू लिहितेस तसंच लिहून कळव. या खेपेला मी काही सुधारणार नाही.

तुझाच, कटकट्या
मास्तर